तिसरी 'ब'चा डबा

चमेली पाडवी आमच्या शाळेत आली त्या दिवसापासून ती मला आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं त्यामागे काही मोठं कारण असेल असं कुणाला वाटायला नको. कारण एवढंच, की ती चांगलं शिकवत होती आणि माझी मुलगी तिच्या वर्गात होती.

मी इंदिरा नारखेडे. जळगावात सिस्टरांची मराठी प्राथमिक शाळा होती, तिथे तिसरी 'अ' मी नऊ वर्षं शिकवत होते. आम्ही काही ख्रिस्ती नाही. निम्म्याहून जास्त शिक्षक नव्हतेच. सकाळी सिस्टर प्रार्थना सांगायच्या, आम्ही हात जोडून उभ्या राहायचो आणि मग आपापल्या वर्गात जायचो. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यायची. अठ्ठावीसचा पाढा माझी मुलं झोपेतून उठवलं तरी म्हणायची. आमच्या हेडमिस्ट्रेस सिस्टर बेनेडिक्टा नव्या पालकांना शाळा दाखवायला निघाल्या की पहिल्यांदा माझ्या दाराशी थांबायच्या. शिक्षण खात्याचे साहेब वर्षातून एकदा यायचे, तेव्हा नमुना पाठ कुणाचा हे विचारायची वेळच कधी आली नाही. माझाच असायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या जूनमध्ये 'ब'च्या बाई लग्न करून दोंडाईचाला गेल्या आणि त्यांच्या जागी ही आली. वय तेवीस. सातपुड्याच्या पायथ्याचं, शहाद्याच्या वरच्या अंगाचं गाव. वडील वेस्ता पाडवी पावसावरची शेती करायचे, उन्हाळ्यात मोहफुलं वेचायचे. ही मिशनच्या बोर्डिंगात राहून शिकली, डी.एड. झाली, आणि आता सिस्टरांच्याच आवारातल्या एका खोलीत राहायची. मराठी चांगलं होतं, पण बोलता बोलता मध्येच अडायची, शब्द शोधायची. मग सरळ मुलांनाच विचारायची, "याला तुमच्याकडे काय म्हणतात रे?" शिक्षिकेनं असं विचारायचं? मला वाटलं, पोरं दोन दिवसांत हिच्या डोक्यावर बसतील.

पोरं तिला सांगायला लागली. सरकी म्हणजे काय, खापरावर मांडे कसे टाकतात, केळीचा घड कापला की झाडाचं काय करतात. आठ-आठ वर्षांची पोरं, असोद्याहून एस.टी.नं येणारी, वर्गात तोंड न उघडणारी, ती हिला हातवारे करून समजावत होती. माझ्या आणि तिच्या वर्गात लाकडी फळ्यांचं पार्टिशन होतं. वरून उघडं. मला सगळं ऐकू यायचं. मी पाढे जरा मोठ्यानं म्हणवून घ्यायला लागले.

शाळेचा नियम होता, शिक्षकाचं मूल त्याच्याच वर्गात बसवायचं नाही. चांगला नियम आहे. म्हणून माझी यामिनी 'ब'मध्ये गेली. पहिल्या दिवशी मी तिला दाराशी सोडलं तेव्हा ती माझा पदर सोडत नव्हती. मी म्हटलं, "अगं, मधे नुसती फळी आहे, मी पलीकडेच आहे." जुलै संपेपर्यंत तिला पदराची आठवण राहिली नाही.

घरी आली की सुरू. "आई, आमच्या टीचरनी आज आम्हाला मैदानात उभं केलं आणि सावली मोजली. सकाळी आठ पावलं होती, दुपारी एकच." "आई, आमच्या टीचरनी घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला लावला. मी पिठाची गिरणी दाखवली, बाकी कोणीच नाही दाखवली." "आई, आमच्या टीचर म्हणतात, न येणं म्हणजे चूक नाही, न विचारणं चूक." आमच्या टीचर, आमच्या टीचर! मी भाजी निवडता निवडता एका संध्याकाळी मोजलं. जेवायला बसेपर्यंत सतरा वेळा. मी नऊ वर्षं टीचर आहे, पण माझ्या घरात टीचर म्हटलं की ती डोंगरातून आलेली पोरगी.

पाच सप्टेंबरला शिक्षक दिन. यामिनीनं दोन भेटकार्डं केली. चमेलीच्या कार्डावर कापसाचं खरंखुरं बोंड चिकटवलेलं, भोवती मेंदीची पानं. माझ्या कार्डावर स्केचपेननं काढलेलं गुलाबाचं फूल. ती झोपल्यावर मी दोन्ही कार्डं पट्टीनं मोजली. हसा खुशाल. तिचं माझ्याहून दोन इंच लांब होतं.

यजमानांना मी ते सांगितलं. देवचंद नारखेडे एस.टी.च्या कचेरीत कारकून, शांत माणूस. म्हणाले, "बोंड चिकटवायला जागा लागते, इंदिरा." मी म्हटलं, "माझ्या कार्डाला नाही का लागत?" त्यावर ते वर्तमानपत्रात शिरले.

दुसऱ्या दिवसापासून मी फर्मान काढलं. घरात शाळेचा विषय काढायचा नाही. शाळा शाळेत. यामिनीनं एकदा-दोनदा "आई, आमच्या..." असं म्हणून जीभ चावली, आणि मग खरंच बोलायची थांबली. मला वाटलं, जिंकले. पण मधल्या सुट्टीत ती माझ्यापाशी डबा खायला यायची तेही थांबलं. 'ब'ची मुलं लिंबाखाली गोल करून बसायची, मधे चमेली. ती पोरांच्या डब्यातला घास घ्यायची आणि आपल्या डब्यातली भाकरी त्यांना वाटायची. मी स्टाफरूमच्या खिडकीतून बघायची. एकदा यामिनीनं माझ्या हातची शेंगदाण्याची चटणी तिला भरवली. अक्षरशः भरवली, बोटानं. मी चहाचा कप तसाच ठेवून दिला.

सप्टेंबरच्या शेवटी आमच्याकडे गुलाबाई बसली. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुलींची मजा. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन घरोघरी जातात, गाणी म्हणतात आणि मग त्या घरची बाई झाकणबंद डब्यात खाऊ घेऊन येते. तो ओळखल्याशिवाय मिळत नाही. पोरी डबा हलवतात, कान लावतात, वास घेतात, "गोड का तिखट?" विचारतात. ओळखता आला नाही तर "हरलो" म्हणायचं. या खेळात आमच्या गल्लीत माझा हात कुणी धरू शकत नाही. मी डब्याला आतून मऊ फडकं लावते, म्हणजे खाऊ वाजत नाही. मागच्या वर्षी राजगिऱ्याच्या लाह्यांत सुंठ घालून वड्या केल्या होत्या. पंचवीस पोरी, आणि एकीलाही ओळखता आलं नाही! यामिनी माझ्यामागे उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती.

या वर्षी गुलाबाई बसून दोनच दिवस झाले होते. मी फळ्यावर वजाबाकी लिहीत होते आणि मला जाणवलं, की पलीकडे आवाजच नाही. तिच्या वर्गात नेहमी गलका असायचा. त्यावर मी स्टाफरूममध्ये नाक मुरडायची तेवढंच माझं समाधान होतं. आज शांत. माझ्या वर्गाहून शांत. मग एक खुळखुळ. पुन्हा शांत. मग एकदम चाळीस मुलांचा ओरडा.

आमची आया लिलाबाई, पारोळ्याकडची, पाण्याची कळशी घेऊन त्या वर्गातून माझ्या वर्गात आली. पदरानं तोंड पुसत तिच्या अहिराणीत म्हणाली, "टीचर, तिकडे काय मज्या चालू शे! बठ्ठा पोरे डबाले कान लाईसन बसेल शेतस."

"सगळीच पोरं? कसला डबा?"

"दूध पावडरना. डबामा काय शे ते वळखनं. आपला गुलाबाईना खाऊ वळखतस ना, तसंच शे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सिस्टरांच्या स्वयंपाकघरातला रिकामा डबा घेऊन ती रोज एका मुलाच्या घरी पाठवत होती. त्यानं घरून काहीतरी भरून आणायचं, झाकण घट्ट लावून. वर्गानं दहा प्रश्न विचारायचे. पण प्रश्न असे, की ज्यांचं उत्तर नाकाला, कानाला किंवा हाताला कळेल. जड आहे का, घरंगळतं का, वास ओला आहे का कोरडा. कुणी सरकी आणली, कुणी केळफूल, कुणी चुलीतली थंड राख. ओळखलं की त्या वस्तूवर पाच वाक्यं लिहायची. ज्या पोरांना दुसरीत असताना दोन ओळींचा निबंध लिहिताना घाम फुटलेला मी बघितला होता, ती पोरं पानभर लिहीत होती. सिस्टरांनी त्या वह्या स्टाफरूममध्ये आणून सगळ्यांना दाखवल्या. माझ्यापुढे धरून म्हणाल्या, "बघा ना टीचर, किती छान!" मी म्हटलं, "अक्षर सुधारायला हवं."

डोंगरात कुठली आली गुलाबाई? तिनं गल्लीतल्या पोरींना जाता-येता बघितलं असणार आणि उचललं. आमचं, आमच्या घरातलं, माझं म्हणून जे होतं ते उचलून तिनं स्वतःच्या नावावर वर्गात मांडलं. हा खेळ वर्गात आणायचं मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं, ही गोष्ट मी मनात येऊच देत नव्हते.

त्या आठवड्यात ती दोनदा माझ्या दाराशी आली. "इंदिरा टीचर, जरा विचारायचं होतं." पहिल्यांदा मी म्हटलं, "वर्ग चालू आहे." दुसऱ्यांदा शाळा सुटली होती, वर्ग रिकामा होता, मी पिशवी भरत होते. म्हटलं, "आज वेळ नाही." ती "बरं" म्हणून गेली. तिला रागही येत नव्हता, याचाही मला राग आला.

तीन ऑक्टोबर, सोमवार. सकाळच्या बैठकीत सिस्टरांनी सांगितलं, शुक्रवारी साहेब येणार आहेत आणि या वर्षी नमुना पाठ 'ब'चा, डब्याचा. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बाकी सगळ्यांनी बघितलं. मी मान हलवून हसले. गाल दुखेपर्यंत हसले.

मधल्या सुट्टीत मी ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी, यामिनीच्या आवडीची, घेऊन लिंबाखाली गेले. म्हटलं, आज मीच जाते. ती चमेलीला टेकून बसली होती, मांडीवर तो डबा, आणि काहीतरी कानात सांगून दोघी खुदुखुदु हसत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या. यामिनीनं डबा पाठीमागे लपवला. माझ्यापासून लपवला! मी पुरी तशीच हातात घेऊन सिस्टरांच्या ऑफिसात गेले.

"सिस्टर, तो डब्याचा खेळ कुठला आहे, तुम्हाला माहीत आहे का?"

सिस्टर मूळच्या मंगळूरकडच्या. अकरा वर्षं जळगावात होत्या, पण गुलाबाई काही त्यांच्या आवारात येत नव्हती. म्हणाल्या, "मुलांचा खेळ आहे, नाही का?"

"गुलाबाईचा आहे. गुलाबाई म्हणजे पार्वती. मूर्ती बसवतात, पूजा करतात, आरती करतात आणि मग तो डबा असतो. आपल्या शाळेत हे कसं चालतं? आणि उद्या पालकांना कळलं, की सिस्टरांच्या शाळेत आमच्या देवीच्या डब्यात राख भरतात, तर ते काय म्हणतील? तुम्हालाच ऐकावं लागेल."

मी दोन्ही बाजूंनी सुरी लावली होती. यातलं एकही वाक्य धड खोटं नव्हतं, हे माझं कसब. खाऊ ओळखणं म्हणजे पोरींचा निव्वळ दंगा, त्यात पूजा ना बिजा, हे मला जेवढं माहीत होतं तेवढं गल्लीत कुणाला नसेल. सिस्टरांचा चेहरा उतरला. त्या भित्र्या नव्हत्या, पण शाळा सांभाळायची म्हणजे पालक सांभाळायचे. त्यांनी लगेच चमेलीला बोलावलं. मी जायला निघाले तर म्हणाल्या, "तुम्ही थांबा टीचर, तुम्हाला यातलं कळतं."

चमेली आली. सिस्टरांनी विचारलं, "हा खेळ पूजेतला आहे म्हणतात. तुम्ही कुठून घेतला?"

तिनं आधी सिस्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला काही समजत नव्हतं हे दिसत होतं. मग हळूहळू समजलं, तेही दिसलं. ती म्हणाली, "मुलांच्या खेळातून घेतला, सिस्टर."

"कोणी सांगितला?"

"कोणी नाही. माझ्याच मनानं केलं. यात पूजा असते हे मला माहीत नव्हतं. चुकलं."

चोर सापडला, असं मला वाटलं. डबा स्वयंपाकघरात परत गेला. भिंतीवर लावलेली पाच-पाच वाक्यांची पानं लिलाबाईनं दुपारी काढली. शुक्रवारचा पाठ मला मिळाला. त्या संध्याकाळी घरी येताना मी अर्धा किलो जिलबी घेतली.

यामिनीनं जिलबीला हात लावला नाही. जेवलीही नाही. देवचंद दोनदा म्हणाले, "काय झालं बेटा?" शेवटी मी ताटं उचलत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, सिस्टर टीचरना रागावल्या. माझ्यामुळे."

"तुझ्यामुळे कशा?"

"डब्याचा खेळ मीच सांगितला टीचरना. त्यांनी विचारलं होतं, तुमच्या घरी ओळखायचे खेळ कोणकोणते आहेत. सगळ्यांनी कोडी सांगितली. मी आपली गुलाबाई सांगितली. म्हटलं, माझी आई असा डबा भरते की अख्ख्या गल्लीला ओळखू येत नाही. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. लिलामावशी म्हणाली, त्या म्हणाल्या, माझ्याच मनानं केलं. मी उद्या सिस्टरकडे जाते. सांगते, माझी चूक आहे."

"काही जायचं नाही."

"का?"

"नाही म्हटलं ना!"

"पण टीचरना..."

"यामिनी, मी सांगितलंय!" मी हातातलं ताट आपटलं. "सिस्टरना मी सांगितलं. पूजा असते म्हणून मी सांगितलं. आता जाऊन काय सांगणार आहेस?"

ती रडेल असं वाटलं. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं, समजूत काढली असती; मला ते येतं. ती रडली नाही. गणितात अडली की करते तसं कपाळ आक्रसून म्हणाली, "पण आई, शुक्रवारचा डबा तू भरणार होतीस."

"मी?"

"साहेबांसमोर. सिस्टरनी टीचरना मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. टीचर तुला विचारायला दोनदा आल्या होत्या ना? तू डबा घेऊन आमच्या वर्गात येणार, आणि आम्ही ओळखणार. मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, कोणालाच येणार नाही. फडक्याचं मी फक्त टीचरच्या कानात सांगितलं. आज. तू आलीस तेव्हा."

देवचंद मागे उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. यामिनी त्यांच्या बाजूनं निघून आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. देवचंद एवढंच म्हणाले, "सकाळी लवकर जा."

मी लवकर गेले. मला वाईट वाटत होतं, हे खरं. सिस्टर चॅपलमधून बाहेर पडत होत्या, मी त्यांना व्हरांड्यातच गाठलं. म्हटलं, "सिस्टर, माझी चूक झाली. त्या डब्यात पूजेचं काही नसतं. पोरींचा खेळ आहे. 'ब'चाच पाठ ठेवा."

सिस्टर म्हणाल्या, "काल तुम्ही सांगितलं पालक ओरडतील. आज म्हणता काही नाही. मी काय समजायचं, टीचर? साहेब तीन दिवसांवर आले. आता कोणी हरकत घेतली तर मी तुमचं कालचं वाक्य विसरू का?" त्यांनी जपमाळ खिशात टाकली. "तुमचा पाठ तयार असतो. तुम्हीच घ्या."

मी आणखी आग्रह करायला हवा होता. पाठ घेणार नाही म्हणायला हवं होतं. चमेलीकडे जाऊन माफी मागायला हवी होती. ती तेव्हा आवारातल्या मेरीमातेच्या मूर्तीला फुलं वाहत होती, दहा पावलांवर. पण खरं सांगते, "तुम्हीच घ्या" हे ऐकून माझ्या आत कुठेतरी बरं वाटलं. पाठ माझाच होता. मी तशीच वर्गात गेले आणि अपूर्णांकांच्या पाठासाठी केलेल्या पुठ्ठ्याच्या भाकऱ्या काढून पुसायला बसले.

त्या चार दिवसांत यामिनी घरी नीट वागली. हाक मारली की ओ द्यायची, दूध प्यायची, गृहपाठ करायची. गुलाबाईच्या पोरींबरोबर गेली नाही. आमच्या घरी डबा करायची पाळी बुधवारी होती. मी सरळ बाजारातून चिवडा आणून वाटला. गल्लीतल्या पोरींनी झाकण हलवताच ओळखला.

शुक्रवारी साहेब आले. भला माणूस, चष्मा कपाळावर सरकवून ऐकणारा. पाठ अपूर्णांकांचा. पुठ्ठ्याच्या गोल भाकऱ्या, त्यांचे अर्धे, पाव, अर्धपाव. घरात चार माणसं आणि भाकरी एक, तर कोणाच्या वाट्याला किती? माझी मुलं तालमीत ठरल्याप्रमाणे उठत होती, उत्तरं देत होती, बसत होती. एकही अडलं नाही. सिस्टरांनी मागच्या बाजूला सतरंजी टाकून 'ब'ची मुलंही बसवली होती, त्यांनाही पाठाचा लाभ व्हावा म्हणून. चमेली दाराच्या चौकटीला लागून उभी होती, हात मागे बांधून. मला ती सगळा वेळ दिसत होती. तिनं एकदाही नजर वळवली नाही. मी काय शिकवते ते ती मन लावून ऐकत होती.

यामिनी सतरंजीवर पहिल्या ओळीत. मी फळ्याकडून वळले की आधी तिच्याकडे बघत होते. पाठ रंगलाय, हे तिला दिसतंय का? एकदा तरी हसेल का? मी तिच्या आवडीचा प्रश्नही घातला: पुरणपोळीचे आठ भाग केले आणि तीन कुत्र्यानं पळवले. वर्ग हसला. साहेब हसले. ती समोरच्या फळ्याकडे बघत होती.

पाठ संपला. साहेब उठून टाळ्या वाजवायला लागले, म्हणून सगळे वाजवायला लागले. "वा! वा बाई! याला म्हणतात तयारी." सिस्टर म्हणाल्या, "आमच्या सगळ्यात जुन्या टीचर." नऊ वर्षांत इतकी वाहवा झाली नव्हती. मी पदर सावरून उभी राहिले आणि बघते तर साहेब चालत चालत मागे सतरंजीपाशी गेले होते. मुलांशी बोलायची त्यांना आवड होती. पहिल्या ओळीत बसलेल्या माझ्या मुलीसमोर ते वाकले.

"काय बाळ, समजलं का सगळं?"

यामिनी उभी राहिली. "हो."

"तुमच्या टीचर रोज असंच शिकवतात?"

"आमच्या टीचर त्या आहेत," तिनं दाराकडे बोट केलं.

"अरेच्चा!" साहेब वळून माझ्याकडे बघत म्हणाले, "मग या कोण?"

सिस्टर हसल्या. आता ही लाजेल आणि सांगेल, म्हणून त्या थांबल्या होत्या. शाळेत सगळ्यांना माहीत होतं. माझी मुलंही माना वळवून, दात काढून तिच्या उत्तराची वाट बघत होती. मीसुद्धा. यामिनीनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, रुसून नाही. परीक्षेत उत्तर येत असताना मुलं बघतात तसं.

"त्या शेजारच्या वर्गाच्या टीचर आहेत," ती म्हणाली.

"शाबास," साहेब म्हणाले. "बैस खाली."